चौकट माझी, चित्र अक्काचं

माझ्या अक्का,

तुला जाऊन आठ दिवस झाले. आज शिंदखेड्याच्या तुझ्या दुकानात, तुझ्याच कॉम्प्युटरवर, तुझ्या गंधमुक्तीची, म्हणजे दिवसकार्याची, पत्रिका जुळवली. गावातल्या निम्म्या लग्नांच्या नि मयतांच्या पत्रिका जिने केल्या, तिची पत्रिका बाहेरून कशी करून आणायची? काम झालं, पण खुर्चीवरून उठवेना, म्हणून लिहितेय.

ती दिवाळी आठवते? मी पुण्यात ॲपसाठी आयकॉन, म्हणजे ती बारकी चित्रं, काढायला नुकती लागले होते आणि अंगात वारं शिरलं होतं. तुझा डेस्कटॉप पाहून मला लाज वाटली. लग्नाच्या फायलींवर कलश, बारशाच्या फायलींवर पाळणा, मयताच्या फायलींवर पणती. एक मोठं, एक बारकं, रंगांचा नुसता बाजार. तू जेवायला घरी गेलीस तेवढ्यात मी सगळ्यांना एकच निळं, गुळगुळीत चित्र लावून टाकलं. तू आलीस, पाहिलंस आणि म्हणालीस, "देखाले भारी शे, मंदे."

तेव्हाच का नाही गं रागावलीस?

दोन दिवसांनी गर्दीत तू जुनी मयताची फाईल उघडायला गेलीस. निळ्यात निळं, खालची नावं अर्धी तुटलेली. उघडली ती एका साध्या लग्नपत्रिकेची. मधला मजकूर बदललास, वरची ओळ तशीच राहिली. वडील गेलेला माणूस गठ्ठा हातात घेऊन उभा, आणि कागदावर वर 'आमचे येथे श्रीकृपेकरून', खाली 'दुःखद निधन'. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. तू उठून हात जोडलेस. "चूक मन्ही शे, भाऊ. सांजले नव्या छापी देस." माझं नाव घेतलं नाहीस. नंतर कधी आईजवळही नाही.

नव्या पत्रिका देऊन झाल्यावर एवढंच म्हणालीस, "लगीन नि मयत एकसारखं दिसाले नको. चष्मा काढीसन देख." मी काढला. सगळं निळं.

मग आपण भांडत भांडत तह केला. "चौकट तुनी, चित्र मन्हं." आकार, रेघेची जाडी, रंग माझे, आत काय असावं ते तू सांगायचं. पाळण्याला मी दोरीच काढली नव्हती, तर "पोरगं पडी जाई" म्हणून किती हसलीस! आज मला लोक विचारतात, हे कुठे शिकलात? मी कॉलेजचं नाव सांगते. तुझं सांगायला हवं होतं, आणि तू ऐकत असताना सांगायला हवं होतं.

आज फाईल शोधताना डोळे असे भरले की पडद्यावरचं एक अक्षर वाचता येईना. पण पणती ओळखू आली. पहिल्याच क्लिकला उघडली. वरची ओळ मात्र तीनदा वाचली हं.

यापुढे काढलेलं प्रत्येक चित्र आधी चष्मा काढून बघेन, अक्का. तसंही ओळखू आलं, तरच पुढे पाठवीन. आणि कुणी विचारलं, तर तुझं नाव सांगेन.

तुझ्या शेजारच्या स्टुलावरची,
मंदी