मायच्या हयातीत

लातूर,
ता. ९ जून

प्रिय पंचशीला,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट हिंडते-फिरते आहेत. हातात फोन असताना दादाला पत्राचं काय खूळ सुचलं, म्हणशील. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडायच्या आत ‘हाव दादा, तू म्हनतोस तसं’ म्हणून मोकळी होतेस, आणि मग पुढचं बोलायची मलाही गरज वाटत नाही. आपलं आयुष्यभर असंच चाललं. रविवारी तू हदगावच्या घराला कुलूप लावून कायमची लातूरला यायला निघणार आहेस. त्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून हे स्पीड पोस्टानं पाठवतोय. पूर्ण वाच, मध्येच ठेवून भाकरी टाकायला उठू नकोस, आणि मग यायचं की नाही ते ठरव.

तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेत टिपण्या लिहिण्यात गेली. दुसऱ्याच्या चुकीवर दोन पानं लिहायला सांग, चहा निवायच्या आत लिहून देतो. स्वतःच्या चुकीवर लिहायला बसलोय तर तीन दिवसांत हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले, कारण त्यांत मी फारच भला माणूस दिसत होतो.

इकडची खबर अशी की नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी तुझी मनिषावहिनी शाळेत रजा टाकावी की काय अशा विचारात असते. प्रेम हैदराबादला बरा आहे, त्याचं वजन वाढलंय. वरच्या खोलीला तुझ्यासाठी रंग दिला. मनिषानं स्वतः जाऊन नवी गादी आणली. तिच्या मनात तुझ्याबद्दल वाकडं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मार्चमध्ये मायला जाऊन वर्ष झालं. लकवा मारल्यावर नऊ वर्षं ती अंथरुणात होती आणि नऊ वर्षं तू तिच्या उशाशी. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी यायचो, सफरचंदं आणि डायपरचे दोन पुडे घेऊन. अर्धा तास तिचे पाय चेपायचो. तेवढ्यात ती खिडकीतून साऱ्या गल्लीला ऐकवायची, ‘माजा संघा आलाय!’ तुझ्या वाट्याला मात्र ‘पंचे, कूस बदल’, ‘पंचे, मेलीस का काय तिकडं’. तू हसायचीस. पाठीला एक जखम होऊ दिली नाहीस तिच्या. दवाखान्यातल्या सिस्टरसुद्धा नवल करायच्या. आणि स्टँडवर लोक मला म्हणायचे, आईचं लई करता साहेब. मी नाही म्हणायचो नाही.

मायचं दुखणं सुरू झालं तेव्हा तू बालवाडीवर कामाला होतीस. मीच म्हणालो होतो, एवढ्याशा मानधनासाठी कशाला जातेस, घरात बाई ठेवली तर त्याच्या दुप्पट जाईल. हिशेब माझा बरोबर होता. त्या हिशेबात तुझं म्हातारपण धरलं नव्हतं, इतकंच.

आता तुझ्या फारकतीचं. सतरा वर्षं झाली त्याला. नवऱ्यानं मारून हाकलून दिल्यावर बाबा म्हणत होते, वकील बघू, कोर्टातून करू. बाबा रेल्वेत गँगमन, शिकलेले चौथी, पण त्यांना ठाऊक होतं. ‘रेल्वेत पक्का कागद लागतो रे,’ एवढंच म्हणायचे. मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, मी कशाला शिकलोय मग? आपल्याकडे सगळे करतात तसं शंभराच्या बाँडवर, समाजाच्या चार माणसांसमोर केलं. ‘उभयतांनी राजीखुशीने’, ‘यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही’. सगळा मजकूर माझा. इतका देखणा की पाहुण्यांकडच्या एकानं त्याची झेरॉक्स मागून घेतली. घरात संविधानाची प्रत ठेवणारा मी, आणि बहिणीची सुटका केली ती बाँडवर. कोर्टाची पायरी नको, चारचौघांत बोभाटा नको म्हणून. तू न वाचता सही केलीस, कारण लिहिणारा दादा होता.

बाबा गेले, मायला त्यांची पेन्शन सुरू झाली. त्या पेन्शनवर तुम्ही दोघी, तिची औषधं, घर, सगळं. माय गेली आणि पेन्शनही गेली. मग मी तुझ्या नावानं अर्ज केला, कारण नवऱ्यापासून मोकळ्या झालेल्या लेकीला बापाची पेन्शन जन्मभर मिळते. तो अर्ज परत आला. बाँड चालत नाही. आईबापांपैकी कुणी हयात असताना कोर्टात दावा तरी दाखल झालेला हवा होता. मी हदगावला आलो आणि तुला सांगितलं, नियमच तसा आहे गं, कुणाला माहीत होतं. तू म्हणालीस, ‘जाऊ दे दादा, नशिबातच न्हाई ते.’ वर मलाच चहा करून दिलास, नेहमीसारखा साखरेचा पाक.

पंचे, मला माहीत होतं.

माय जायच्या एकोणीस महिने आधी देगलूरचे गुरुबसप्पाकाका तिला भेटायला आले होते, आठवतं? बाबांच्या गँगमधले. तुझ्या हातची भाकर खाऊन ढेकर दिला आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत थांबून माझा दंड धरला त्यांनी. ‘संघपाल, पोरीचं कोर्टात टाक रे. माय हाय तवर टाक. नंतर काय उपेग न्हाई. तुमचा त्यो बाँड रेल्वेत चालत न्हाई.’ मी म्हटलं, हाव काका, ह्याच महिन्यात टाकतो.

विसरलो म्हणालो असतो तर तू विश्वास ठेवला असतास. पण विसरलो नव्हतो. नांदेडच्या वकिलाला भेटून आलो. तो म्हणाला, तारखांना बाईंना यावं लागेल. म्हणजे तू नांदेडला जाणार, आणि त्या दिवशी मायजवळ कोण? मी रजा काढायची की मनिषानं? मनिषाला मी विचारलंदेखील नाही. माय अजून पाच-सात वर्षं काढते, बघू पुढं, असं मीच ठरवून टाकलं आणि कागद कपाटात ठेवले. आणि आतलं सांगू? कोर्टातून तू खरीच मोकळी झालीस, कुणी चांगला माणूस विचारायला आला, आणि तू गेलीस तर मायचं कोण करणार, अशी मला भीती वाटली. माझी सख्खी बहीण मोकळी होईल ह्याची भीती. ते एकोणीस महिने मी दर दुसऱ्या शनिवारी येत होतो, समोर बसून तुझा चहा पीत होतो, आणि एकदाही बोललो नाही. लाज वाटते हे लिहिताना, पण तू नशिबाला बोल लावताना गप्प बसलो त्याची त्याहून जास्त वाटते.

गेल्या महिन्यात मी फोन केला की एकटी काय करतेस तिथं, ये लातूरला, वरची खोली तुझी. तू फोनवर रडलीस. मग हसत सांगितलंस की किनवटच्या मुलींच्या वसतिगृहातल्या महामाया मॅडमनी तुला स्वयंपाकघर सांभाळायला बोलावलं होतं, राहायला खोली, पगार, सगळं. ‘पर म्या म्हनलं, दादा बोलवून राहिलाय, आता नोकरी कशाला?’ त्या वाक्यानंतर माझी झोप उडाली.

कारण मी तुला बोलावलं ते तुझ्यासाठी नाही. एप्रिलमध्ये बँकेनं माझा चेक परत केला, सही जुळत नाही म्हणून. माझीच सही! अक्षर बारीक होत होत किड्यामुंग्यांएवढं झालंय, ह्या पत्रातही दिसेल तुला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. काही वर्षं गोळ्यांवर निघतील, पुढं शर्टाची गुंडी लावायलाही माणूस लागेल. त्या संध्याकाळी घरात विषय निघाला. चोवीस तासांचा माणूस ठेवायचा तर माझी अर्धी पेन्शन त्यालाच जाईल, आणि मनिषाची नोकरी अजून सात वर्षं आहे. मनिषा हळूच म्हणाली, ताई एकट्याच आहेत ना हदगावला. प्रेम फोनवर म्हणाला, आत्यालाही आधार होईल. कुणी वाईट बोललं नाही. आणि मला हायसं वाटलं, पंचे. दुसऱ्या दिवशी तुला फोन लावला, आजाराबद्दल अवाक्षर न काढता. म्हणून सांगतो, येऊ नकोस. काल महामाया मॅडमशी बोललो. जागा रिकामी आहे, सोमवारपर्यंत तुझी वाट बघतील. हदगावच्या घरातल्या माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र तुझ्या नावानं करून देतो, सही जमतेय तोवरच. आजवर आपल्याकडे बहिणींनीच त्या कागदावर सह्या केल्या. त्यानं तुझी पेन्शन परत येत नाही, हे मलाही कळतं. मनिषाला मी अजून सांगितलेलं नाही. चिडेल, मग दोघं मिळून माणूस शोधू. आता हे वाचून तू फोन करशीलच. बाँडबद्दल शिव्या दे, त्या एकोणीस महिन्यांबद्दल दे, तोंडाला येईल ते बोल. फक्त ‘दादा, मंग तुजं कोन करंल’ एवढं विचारू नकोस. तू विचारलंस तर मी ‘ये’ म्हणेन.

तुझाच,
संघपालदादा