रेडिओवरची फिलोमेन

कॅस्ट्रीज,
९ जानेवारी

प्रिय दुदू,

तू बरी असशील. टोरोंटोत कमरेइतका बर्फ पडल्याचं बातम्यांत दाखवलं, तेव्हा तुझी आठवण झाली. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाचा गुडघा कुरकुरला तर कुणाचं काय अडतं? वादळात उडालेला पत्रा परत बसवून घेतला. परसातला नीरफणस यंदा इतका लागलाय की मी पिशवी घेऊन निघालो की शेजारी दारं लावून घेतात.

टॅक्सीवाला एग्बर्ट अजूनही बोटीवरच्या पाहुण्यांना माझ्या दारावरून नेतो. "बेट एवढंसं, पण लोकसंख्येच्या मानानं मोजाल तर जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळवलेली माणसं आमच्याइतकी कुठे नाहीत!" असं म्हणून नावं घडाघडा सांगतो. सिकलसेलच्या औषधासाठी तुला ते बक्षीस मिळालं तेव्हापासून शेवटचं नाव तुझं असतं. मग माझ्याकडे बोट. "आणि हा तिचा भाऊ!" परवा मी दोरीवर चड्ड्या वाळत घालत होतो. पाहुण्यांनी तेवढ्यात फोटो काढले.

असो. आपल्या लाबोरी गावच्या शाळेला तुझं नाव द्यायला तू नकार दिलास, ते पत्र मुख्याध्यापिकाबाईंनी गावासमोर वाचलं. मी मागच्या बाकावर होतो. 'माझ्या आईला शेवटचा निरोप द्यायला ज्या गावाला एक तासाचा बसप्रवास जड झाला, त्या गावानं माझं नाव लावू नये,' असं तू लिहिलंस. माना खाली घालून सगळे घरी गेले. त्यांना वाटलं, चूक त्यांचीच आहे.

आता नीट वाच. आई गेल्याची खबर रेडिओवर द्यायला मी गेलो तेव्हा तू विमानात होतीस. काउंटरवरच्या मुलीनं रीतीप्रमाणे विचारलं, "घरचं नाव काय, काका?"

"ते नको."

"अहो, मग लोकांना कळणार कसं?"

"कळेल."

आपल्याकडे दाखल्यावरचं नाव पाद्री आणि सरकार सोडून कुणाला ठाऊक असतं? 'मा काब्वित या नावाने परिचित' एवढं वाचलं असतं तर सगळं लाबोरी बसला लोंबकळत आलं असतं. पण रेडिओवर गेली ती फिलोमेन माथुरिन, वय चौऱ्याऐंशी, राहणार कॅस्ट्रीज. माथुरिन तर बेटावर गल्लोगल्ली आहेत.

मंत्र्यांना खबर तुझ्याकडूनच गेली होती, म्हणून अंत्यविधीला चर्चचे पुढचे बाक भरले. मागचे रिकामे राहिले. तू सारखी वळून बघत होतीस. "लाबोरीहून कुणीच नाही, बोबो?" असं तू विचारलंस. मी म्हटलं, "नाही आलं कुणी." खोटं नव्हतं ते.

तू रविवारी संध्याकाळी गेलीस. सोमवारी सकाळी लाबोरीच्या बाजारातली मा ऑक्टावी आईच्या अंत्यविधीचा फोटो छापलेला पेपर घेऊन दारात उभी. अंगाला मासळीचा वास तसाच.

"काय रे, बोबो? काब्वितला पुरून मोकळा झालास?"

"रेडिओवर दिलं होतं, मावशी."

"रेडिओवर कुणी फिलोमेन मेली! कोण ही फिलोमेन? आम्ही छातीवर क्रूस केला, 'बिचारी' म्हटलं आणि मासे चिरायला बसलो. पन्नास वर्षं माझ्या शेजारी बसून शेळीचं दूध विकलं तिनं. तिला मातीत उतरवत होते आणि मी खवले काढत होते, मेल्या!"

त्याच दिवशी तुला फोन करायला हवा होता. केला नाही. अकरा महिने झाले.

तू म्हणशील, घरचं नाव राहिलं तर राहिलं, मुलांच्या नावांत तुझं नाव ऐकून तरी गावाला कळायला हवं होतं. बरोबर आहे. त्यात तुझं नाव नव्हतं. 'मागे मुलगा ऑगस्टिन,' एवढंच होतं. आणि मला गावात ऑगस्टिन कोण म्हणतं?

विसरलो नव्हतो, दुदू. दोन वर्षं आई माझ्याकडे होती. मी तिचे केस विंचरले, चमच्यानं कोको पाजला, चादरी धुतल्या. कुणी आलं की ती सांगायची, हे दुदूचं घर. शेवटच्या आठवड्यात मला ओळखेनाशी झाली. पाद्रीला म्हणाली, "हा दुदूनं ठेवलेला माणूस. चांगला आहे." मी पाद्रीबरोबर हसलो. काउंटरवर पेन हातात घेतलं तेव्हा वाटलं, ती खबर वाचून होईपर्यंत तरी ती फक्त माझी आई असू दे. मा काब्वित म्हटलं की तू आलीसच, काब्वित म्हणजे शेळी असं समजावत सगळ्या पेपरांनी तुला 'शेळीवालीची लेक' म्हणूनच छापलंय. म्हणून दोन्ही नावं गाळली. हा हेवा होता. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

गेल्या रविवारी लाबोरीच्या बाजारात जाऊन सगळ्या बायकांसमोर हे सांगितलं. मला वाटलं होतं, शिव्या देतील. मा ऑक्टावी एवढंच म्हणाली, "आधी तिला लिही. तोवर माझ्या ओट्यावर पाय ठेवू नकोस."

आठ फेब्रुवारीला आईच्या वर्षाची मिस्सा लाबोरीच्या चर्चमध्ये आहे. या वेळची खबर मा ऑक्टावीनं सांगितली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिली. सुरुवातच मा काब्वितपासून आहे. मुलांमध्ये पहिलं नाव तुझं. त्याखालची ओळ कोरी आहे. ती का, म्हणून मी विचारलं. मा ऑक्टावी म्हणाली, "तिथं तुझं नाव घालायचं की नाही, ते दुदू सांगेल. आमच्याकडे काय बघतोस?"

एक तारखेपर्यंत कागद रेडिओवर द्यायचा आहे. मला कळवू नकोस, मा ऑक्टावीला कळव. आलीस तर माझ्याकडे नाही आलीस तरी चालेल, लाबोरीला जा. त्या बायकांचा काही दोष नाही. मी घरी रेडिओ लावून बसेन.

तू सांगेपर्यंत नुसता,
ऑगस्टिन