पाठवणीपाशी संपलेली कॅसेट

पौड,
२ मार्च १९८७

प्रिय रत्ना,

सलाम. भावाच्या घरी तू बरी असशील, कासारसाईची हवा तुला मानवली असेल, असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. ह्यांची पाठ तेवढी धरते, कॅमेरा खांद्यावर घेऊन घेऊन. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. हे म्हणाले, मग खाऊ काय?

माझ्या आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. तरी लिहिते. सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या बाईला एवढा हक्क असावा.

आधी चांगलं सांगते. आमच्या ‘नूर व्हिडिओ’ला बरे दिवस आले आहेत. स्टुडिओत फोटो काढून घ्यायला आता फार कोणी येत नाही, पण व्हिडिओसाठी पार हिंजवडीपासून बोलावणं येतं. रिहे गावच्या दूध सोसायटीची फिल्म आम्ही केली. पुण्यात मोठ्या सभेत ती दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन गेणबा रोज येऊन माझ्या शेजारी बसायचे. “वहिनी, म्या अजून यकदा दिसलो तर?” मी म्हटलं, “गेणबा, तुम्ही म्हशीपेक्षा जास्त वेळा दिसताय.” तर म्हणाले, “म्हस काय इलेक्शनला हुबी न्हाई.”

लग्नात बायकांच्या बाजूचं चित्रण मीच करते. बाईच्या हातात कॅमेरा असला की बायका मोकळ्या होतात, हे आता सगळ्यांना पटलंय. जोडकामही माझंच. दोन व्हीसीआर शेजारी ठेवायचे, एकावर लावायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, नको तिथं बटण दाबून थांबवायचं. घरबसल्या होतं. फक्त एक आहे, गेलेली माणसं मधेच पंगतीत दिसतात. जिलबी नको म्हणतात, मग घेतात. हे म्हणतात, सवय होईल. मला झाली नाही. कधी कधी दुपारी मशीन बंद करून मी उगाच ओट्यावर जाऊन बसते.

जानेवारीत एक लग्न झालं आमच्याकडून. कुठलं ते लिहावं की नाही, यात एक कागद फाडला.

ताम्हिणीचं. तुझ्या जावयाचं दुसरं.

तुला कळलंच असेल. मी गेले नाही, हे एकटे गेले. साळूबाईंनी नवी कॅसेट आणू दिली नाही. जुनी घरात होतीच, तुझ्या चांगुणाच्या लग्नाची. विहीणबाई तुझ्या, तुला त्यांचं बोलणं माहीत आहे. “तिच्यावरच घ्या, अन्वरभाई. तिचा चांदीचा टाक करून नवीच्या गळ्यात घातलाय. तिचं तितं झालं की. आता हितं कशाला?” ह्यांनी मला न सांगता स्वतःच उतरवलं. मला सांगायचं धैर्य झालं नसावं. आमच्याकडं दुसरी प्रत नव्हती. चांगुणाच्या लग्नाच्या वर्षी आम्ही कॅमेऱ्यातली एकच फीत पुन्हा पुन्हा वापरत होतो.

पण दुसरेपणाचं लग्न लहान असतं. वाजंत्री नाही, पंगत एक. नवं लवकर आटोपलं आणि कॅसेटचं शेपूट जुनंच राहिलं.

वाडीनं व्हिडिओ भाड्यानं आणून लग्न पाहिलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पडद्यावर मुंग्या आल्या. बंद करायला कोणी उठलं नाही. मग मुंग्यांतून तुझं अंगण आलं. जीप, आणि जीपच्या खिडकीत चांगुणा. पाठवणीवर मी गाणं टाकत नाही, त्यामुळे आवाज तिचाच. “आई कुठंय? आई, ये ना गं.” घरातून तुझा आवाज, “आले गं, थांब.” पुन्हा तिचं “आई”. तिथं कॅमेऱ्यातली फीत संपली होती, तिथंच कॅसेटही संपते.

तेव्हापासून ताम्हिणीत बोलतात, पोरगी हाका मारतीया आन आई येत न्हाई, म्हणून तिचा जीव घुटमळतोय. तुझ्या कानावर हे आलं असेल, तर ते असं आलं.

गेल्या आठवड्यात ती नवी, रंभा, एसटीनं एकटीच आली. चांगुणाएवढीच असेल. कॅसेट पदराखाली धरलेली. राहिलेलं पुसून आण म्हणून साळूबाईंनी पाठवली होती. पण तिनं ती माझ्या हातात दिली नाही.

“पाठवणी तुमीच काढली व्हती नं?”

“हो.”

“मंग मला सांगा. तिची आई आली का न्हाई?”

मी म्हटलं, “चहा घे आधी.”

“च्या नगं. रोज आंघूळ झाली की तिच्या टाकाला हळदकुकू लावते मी. ती आजून हाका मारत आसंल तर माज्याच गळ्यात बसून मारतीया.”

रत्ना, त्या दिवसाबद्दल मी कोणाजवळ बोलले नव्हते. ह्यांच्याजवळसुद्धा नाही. विधवेनं पाठवणीला पुढं होऊ नये म्हणून बायकांनी तुला आत कणीक मळायला बसवलं होतं. तू मागच्या दारानं आलीस, जीपच्या गोठ्याकडच्या बाजूला. तिकडं फक्त मी होते, फीत संपून बंद पडलेला कॅमेरा घेऊन. पुढं चांगुणा गेली आणि तू मनाशी धरलंस की तुझा हात लागला म्हणून गेली. मी तो हात पाहिला होता. म्हणून बाजारात मला बघून तू वाट बदललीस, म्हणून पौड सोडलंस. हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या तोंडून येईल म्हणून गप्प राहिले.

रंभाला मात्र मी सांगितलं. “आली होती.”

“शप्पत?”

“या डोळ्यांनी पाहिलंय.”

तिनं गळ्यातला टाक हातात घेतला आणि शेजारणीशी बोलावं तशी त्याला म्हणाली, “आली व्हती म्हनं गं.” मग चहा मागितला.

जाताना कॅसेट माझ्यापुढं ठेवली. “पुसायची का ठिवायची ते तिच्या आईला इचारा. सासूबाईस्नी मी काय बी सांगंन.”

तर ती माझ्या कपाटात आहे. तू पूस म्हणालीस तर पुसेन. बघायची असली तर ये, मी लावून देईन आणि बाहेर ओट्यावर बसेन. बसू म्हणालीस तर शेजारी बसेन.

पण ठरवण्याआधी एवढं वाच. चांगुणा बाळंतपणात गेली. दरड पडून घाट बंद होता, डोलीतून खाली आणेपर्यंत वेळ गेली. ती दरड काही तुझ्या हातानं पडली नाही. तुझ्या हातानं जे झालं ते असं. तू तो खिडकीतून आत घातलास, तिच्या तोंडावरून फिरवलास आणि तिच्या कानाशी काही बोललीस. काय ते मला ऐकू आलं नाही. गाडी हलली, तू गोठ्याआड झालीस. जीप वळण घेऊन माझ्या समोरून गेली, तेव्हा तिच्या गालाला तुझ्या हाताचं पीठ लागलेलं होतं. ते तिनं पुसलं नव्हतं, आणि ती रडत नव्हती.

कॅसेटमध्ये जे नाही ते पाहिलेली,
तुझी
शमशाद