बाई संपावर आहेत, संपल्या नाहीत

वार मंगळवार, संपाचा सत्तेचाळिसावा दिवस

माझ्या नातीच्या वर्गशिक्षिका म्हणून तुम्हाला नमस्कार, आणि माझ्या थोरल्या बहिणीची धाकटी लेक म्हणून तुला आशीर्वाद. राग मात्र दोघींना मिळून एकच आहे, तो निम्मा निम्मा वाटून घ्यावा.

तुझी अर्धशिशी कशी आहे? दिवसभर मांडवात बसणं, त्यात कानाशी कर्णा, म्हणजे डोकं उठलं असणारच. ओलं फडकं बांधून बसत जा, पुढाऱ्यासारखी दिसलीस तरी चालेल. आम्ही इकडे बरे आहोत. मुलगा आणि सून कारखान्याच्या पाळ्या करतात. तो घरात शिरतो तेव्हा ती चपला घालत असते. माझे गुडघे कामावर हजर आहेत, पण कुरकुर करत. ख्यालीखुशाली एवढीच. आता मुद्द्याचं लिहिते. पत्र लांब आहे, उभ्याने वाचू नकोस.

पत्र लिहायची वेळ आली कारण तू माझा फोन चार वेळा कापलास. (त्याआधी तीन आठवडे तो लागतच नव्हता. चारशे शिक्षकांच्या मांडवात फोन चार्ज करायला एकच जागा आहे असं कळलं, ते मी समजून घेतलं.) पण हे चार तू स्वतःच्या बोटाने कापलेस, आणि का ते मला माहीत आहे. पेपरात माझा फोटो आला आणि खाली ठळक अक्षरांत छापलं, 'शिक्षक संपावर, आजी फळ्यावर'. तुला वाटलं, मावशी फितूर झाली. त्या फोटोत मी बोट उगारून कुणाला तरी दम देते आहे असं दिसतं. नीट बघ, ती करंगळी आहे. एक मुलगा बाहेर जाऊ का म्हणून विचारत होता, आणि नेमकं कशासाठी जायचंय ते मी त्याला खुणेने विचारत होते. फोटोवाल्याने तेवढ्यात खटका दाबला. संप मोडणाऱ्या बाईचं बोट इतकं लहान नसतं.

मी त्या वर्गात का गेले ते ऐक, मग काय ते ठरव. तू गेलीस त्या दिवशी सुनेने पोरीला सांगितलं की तुमच्या बाई संपावर गेल्या. सहा वर्षांच्या मुलीला संप म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण 'संपले' म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक आहे. गेल्या वर्षी तुझे काका गेले तेव्हा मी तिला सांगितलं होतं, आजोबा परगावी पाटी रंगवायला गेलेत. महिनाभर ती उंबऱ्यावर बसून वाट बघत राहिली. मग एकदा शेजारीण जिन्यात कुणाला तरी फोनवर म्हणाली, "अहो, ते आजोबा केव्हाच संपले." खरं काय ते तिला माझ्याऐवजी शेजारणीकडून कळलं, आणि तेव्हापासून माझ्या शब्दाला आमच्या घरातलं सर्वांत लहान माणूस काडीची किंमत देत नाही. तर तुमच्या संपाच्या तिसऱ्या आठवड्यात जेवता जेवता तिने मला विचारलं, "आजोबांचा चष्मा तू कपाटात ठेवलास. बाईंचा कुठे ठेवणार?" सुनेचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, अगं, बाई संपावर आहेत, संपल्या नाहीत, चांगल्या खणखणीत आहेत, घोषणा देतात. त्यावर ती म्हणाली, "आजोबा पण पाटी रंगवायला गेले होते." यावर काय बोलायचं ते तुझ्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात असेल तर कळव.

त्याच आठवड्यात कचेरीने शाळेच्या फाटकावर कागद चिकटवला की ज्याला लिहिता-वाचता येतं त्याने स्वयंसेवक म्हणून यावं, वर्ग उघडणार आहेत. मला वाटलं, खोली उघडली, पोरीला तिची जागा दिसली, तुझ्या हातचे तक्ते दिसले, तर तिचा जीव थाऱ्यावर येईल. म्हणून गेले. अर्जात 'शिक्षण' असा रकाना होता. मी खरं तेच लिहिलं, 'पाट्यांवर'. तुला माहीतच आहे, मी शाळेची पायरी चढलेली नाही. तुझे काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि मी खाली शिडी धरून उभी राहायचे. वर बघून बघून वाचायला शिकले. आयुष्यात वाचलेलं माझं पहिलं वाक्य 'रंग ओला आहे, हात लावू नये' हे. पण कारकुनाला वाटलं मी पाटी-पेन्सिलीची पाटी म्हणते आहे. त्याने पुढे 'प्राथमिक' असं लिहून शिक्का मारला. असं माझं शिक्षण एका मिनिटात झालं. तुझी नोकरी पक्की व्हायला नऊ वर्षं पुरली नाहीत.

पहिल्या दिवशी शिपायाने कुलूप काढलं (तो संपावर नाही, कारण त्याला संघटनेत घ्यायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही) आणि एकतीस मुलं येऊन बसली. फळ्यावर तुझ्या शेवटच्या दिवसाचं सगळं तसंच होतं. तारीख, खाली मोठा 'ढ', त्याखाली ढग, ढाल, ढोल. म्हणजे तुम्ही अख्खा वर्ग 'ढ' वर सोडून गेलात. पोरं ढ राहतील असं लोक म्हणतात ते मला आतापर्यंत नुसतं बोलणं वाटायचं. मी फडकं उचललं, तशी सगळी मुलं एकदम ओरडली, पुसायचं नाही, बाईंनी सांगितलेलं नाही. माझी नात तर फळ्यापुढे आडवी उभी राहिली. मग उजव्या बाजूला खाली जो वीतभर कोपरा उरला होता तेवढ्यात मी शिकवायचं ठरवलं. गुडघे टेकून.

'ढ' नंतर 'ण' येतो. दोन दिवस मी 'ण' ने सुरू होणारा शब्द शोधत होते. जन्मभरात पाहिलेल्या सगळ्या पाट्या डोळ्यांपुढे आणल्या, केशकर्तनालयापासून लाकडाच्या वखारीपर्यंत, एकही 'ण' ने सुरू होईना. मुलं गालात हसायला लागली. शेवटी कपाटापलीकडून दुसरीच्या वर्गातली एक मुलगी कंटाळून म्हणाली, "आजी, ण बाणाचा. तो शेवटीच येतो." (दोन वर्ग, एक खोली, मध्ये एक कपाट. यात तू नऊ वर्षं कसं शिकवलंस कुणास ठाऊक. मी तिसऱ्या दिवशी अक्षरं शिकवता शिकवता पलीकडचे पाढे म्हणायला लागले होते.) बरं, अक्षर काढायचं म्हणजे मला एकाच तऱ्हेने येतं, तुझे काका काढायचे तसं. आधी बाहेरची रेघ, मग आत भरायचं, मग उजवीकडून खाली सावली द्यायची. एका 'ण' ला अर्धा तास लागतो. एकतीस पोरं माना खाली घालून सावल्या देत बसतात, आणि सावली डावीकडे की उजवीकडे यावरून त्यांच्यात दोन तट पडले आहेत. बावीस दिवसांत आम्ही 'ण' पुरा करून 'त' ला लागलो. तू परत आलीस की या सावल्या पुसायला तुला वर्ष लागेल. त्याबद्दल आधीच माफी मागते.

आता रागाचं. तुमच्या मांडवातला पुढारी कर्ण्यावरून सांगतो, विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ देणार नाही, जादा तास घेऊन भरून काढू. कचेरीतले साहेब पेपरात सांगतात, विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ देणार नाही, स्वयंसेवक बसवू. दोघंही त्या नुकसानाचं नाव घेतात जसं काही ते कुणाच्या तरी लांबच्या नात्यातलं आहे. घरी येऊन ते कसं दिसतं हे कुणी बघितलं नाही. ते सकाळी दप्तर घेऊन उंबऱ्यावर बसतं. ते विचारतं, चष्मा कुठे ठेवणार. याला जादा तास कुठला लावतेस सांग. तुझ्या मागण्या मी वाचल्या, एकेक खरी आहे. दर अकरा महिन्यांनी तुला काढायचं आणि पुन्हा घ्यायचं, घरोघर माणसं मोजायला तू, गोळ्या वाटायला तू, साहेब येणार म्हणून अंगण झाडायलाही तू. मी तुझ्या जागी असते तर मांडवात नुसती बसले नसते. पण एकदा, फक्त एकदा, पोरीशी फोनवर बोलली असतीस तर तुझ्या संघटनेचं काय गेलं असतं? चारही वेळा ती माझ्या शेजारी उभी होती. तू कापलास आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की बघ, मी म्हटलं नव्हतं?

गेल्या शुक्रवारी साहेब तपासणीला आले, बरोबर फोटोवाला. वर्गात शिरताच म्हणाले, "हे काय, तारीख जुनी दिसते." आणि मी गुडघ्यांवरून उठेपर्यंत त्यांनी फडकं घेऊन सगळा फळा पुसला. तारीख गेली, ढग गेला, ढाल गेली. माझी नात रडली नाही. शेजारच्या मुलीला हळूच म्हणाली, "आता बाई पूर्ण संपल्या," आणि पाटी दप्तरात घालून हात बांधून बसली. तेव्हापासून तिने दप्तर उघडलेलं नाही आणि आज ती शाळेत आली नाही.

मी विचारलं, "साहेब, ते पुसायला कुणी सांगितलं?"

"अहो आजी, तारीख चुकीची होती."

"तारीख बरोबर होती. तुमचं यायचं चुकलं."

फोटोवाला हसला, साहेब हसले नाहीत. हजेरीची वही मागितली, उभ्याउभ्याच पानं उलटून खाली सही केली, 'तपासले, बरोबर आहे', आणि जाता जाता मला शाबासकी दिल्यासारखं म्हणाले, "शाळा तर तुमच्यावर छान चालली आहे. त्या बाई इतके दिवस गैरहजर आहेत, त्यांची जागा रिकामी दाखवून टाकू. ठेवायची कशाला?" मी म्हटलं, इतक्या दिवसांत मी एक अक्षर पुढे गेले, याला छान म्हणत असाल तर उद्यापासून मला तुमच्या खुर्चीवर बसवा, तिथेही छानच चालेल. त्यांना वाटलं मी नोकरी मागते आहे. म्हणाले, अर्ज करा.

तेव्हा सांगायचं ते इतकंच. मी उद्यापासून जाणार नाही. ज्या कामाचा उपयोग तुझी जागा घालवायला होणार ते काम मला नको. आणि तूही यायचं नाहीस. मागण्या पदरात पडल्याशिवाय उठलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पोरीचं मी बघून घेईन. आमची काळजी करू नकोस, आमचं अजिबात काही अडलेलं नाही.

तुझी (आणि तुमची),
मावशी

ता. क. एक सांगायचं राहिलं. हजेरीच्या वहीत रोज खाली 'वर्गशिक्षिकेची सही' अशी जागा असते. वर्गशिक्षिका तू आहेस, मी नाही, म्हणून मी बावीस दिवस तिथे तुझं नाव लिहिलं, सावलीसकट. काल शिपायाने सांगितलं तेव्हा कळलं की तिथे स्वतःची सही करायची असते. म्हणजे कागदोपत्री तू बावीस दिवस वर्गात हजर आहेस आणि साहेबांनी शुक्रवारपर्यंतचं तपासून बरोबर ठरवलं आहे. आता त्यांना तुझी जागा रिकामी दाखवता येणार नाही असं शिपाई म्हणतो. पण ती वही तुझ्या संघटनेने पाहिली तर ते तुला मांडवातून उठवतील, आणि साहेबांनी नीट वाचली तर ते मला. साहेब वाचतील असं वाटत नाही. मांडवात मात्र सगळे वाचणारे बसलेत, तेव्हा हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आणखी एक ता. क. पोरीचं मी बघून घेईन असं वर लिहिलं आहे ते खरं नाही. मला जमत नाही. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. तेव्हा फाटकाबाहेर येऊन पाच मिनिटं उभी राहा, मी पोरीला तिथे घेऊन येते. आत पाऊल टाकू नकोस, खडूला हात लावू नकोस, काही शिकवू नकोस. फाटकाबाहेर उभं राहण्याने संप मोडत नाही. संघटनेचा बिल्ला लावूनच ये, म्हणजे कुणाला शंका नको आणि संपावरची बाई कशी दिसते ते पोरीलाही कळेल. बाई येणार आहेत असं मी तिला आत्ताच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, बघू. तू आली नाहीस तर माझा शब्द दुसऱ्यांदा जाईल, आणि तिसरा माझ्याकडे नाही. आणि आलीस, तर तुला डोळ्यांनी बघितल्यावर ती माझ्याकडे वळून विचारणारच, मग आजोबा कधी येणार. त्याचं उत्तर तुला द्यायचं नाही. या वेळी मी खरं सांगणार आहे. तेवढा वेळ तू तिचा हात धरून ठेव.