कापलेली शिट्टी

४ जून

डोळे कसे रंगवायचे? बरणीतल्या बेडकाचे डोळे स्पिरिटमध्ये राहून दुधाळ झालेत. पाठीचा हिरवा गेला, पोटाचा पिवळा गेला. उरलाय तो अंगठ्याएवढा, सुरकुतलेला करडा जीव, पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेला. चिठ्ठीवर ताईचं अक्षर. झऱ्याची जागा, तारीख, आणि खाली 'नर, एकटा'.

साहेब सकाळी टेबलाशी येऊन गेले. म्हणाले, "नवा बेडूक जगाला पहिल्यांदा दिसणार तो तुमच्या चित्रातून." मी म्हटलं, जगाला दिसेल हो, आधी मला दिसू दे! हसले नाहीत. ताई गेल्यापासून या इमारतीत माझ्याशी कुणी हसत नाही. सगळे जपून वागतात, जशी काही मीच काचेची बरणी. वीट आलाय.

मी याला जिवंत पाहिलं ते तेवढं टॉर्चच्या उजेडात, बरणीच्या काचेतून. टॉर्चमध्ये सगळंच पिवळं दिसतं. खरे रंग फक्त ताईने पाहिले होते.

६ जून

दिवसभर ठिपके. शाईचे, बारीक, एकेक. दुपारपर्यंत मागचा उजवा पाय झाला. बोटांच्या टोकांना चिकट गाद्या नाहीत — म्हणजे हा चढणारा नव्हे, दगडाखाली बसणारा. बोटांमधला पडदा अर्ध्यापर्यंतच. हे असलं सगळं मला बघूनच बोलता येतं, ताईसारखं पाठ नाही. आम्ही दोघी एकाच संस्थेत — ती शोधायची, मी काढायची. "मी नसते तर तू फुलदाण्या काढत बसली असतीस," म्हणायची. खरं आहे. वर तोंड करून सांगायची हे जास्त लागायचं.

९ जून

नव्या प्राण्याला नाव द्यायचं तर एक देह ठेवावा लागतो. फोटो चालतो कधीकधी, पण कुणी मनापासून मानत नाही. एक देह, कपाटात, कायमचा. पुढे कुणालाही शंका आली तर याच्याशी ताडून बघायचं. ताईला हे कधी पचलं नाही. दर वेळी बरणीचं झाकण लावताना त्या जिवाला "माफ कर रे बाबा" म्हणायची.

साधारणपणे चार-पाच जणांचा आवाज कानावर आल्याशिवाय ती एकाला हात लावायची नाही. त्या संध्याकाळी मात्र एकच ओरडत होता. ढग दाटलेले, झरा फुगत चाललेला. तिला वाटलं, बाकीचे असतील आसपास. उचलला.

नंतर त्या मुक्कामात रोज संध्याकाळी ती झऱ्यावर स्पीकर लावून बसायची. त्याचाच टिपलेला तुकडा अख्खा वाजवायची, की दुसरा कुणी नर चिडून उत्तर देईल. मी तंबूपाशी चहा टाकून वाट बघायची, तिथवर स्पीकर ऐकू यायचा नाही. तंबूच्या दोरीवर एक काळा, लांब शेपटीचा पक्षी येऊन बसायचा, वाढण्याची वाट बघत. ताईने त्याचं नाव 'जावई' ठेवलेलं! बेडकाचं उत्तर काही आलं नाही.

मग तिचं दुखणं निघालं.

१० जून

काल लिहायचं टाळलं, आज लिहितेच. हॉस्पिटलात शेवटी शेवटी ती एकच विचारायची. "मी शेवटचा तर नाही ना उचलला?"

"नाही गं. वेडी आहेस का?"

"तू कशावरून सांगतेस?"

मी उशी नीट केली. पाणी हवंय का विचारलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

१४ जून

आज तो आवाज ऐकला. नव्या बेडकावरच्या पेपरबरोबर जोडायचाय. ध्वनी विभागातली संगणकवाली — नवी आहे, ताईला तिने पाहिलेलंही नाही — तिने कानाला हेडफोन लावून दिले.

आधी झऱ्याचं पाणी. मग तो. टिक-टिक-टिक, आणि मग लांब र्र्र — जुन्या घड्याळाला किल्ली द्यावी तसा. पुन्हा. पुन्हा. मग गवताची खसखस. मग बरणीचं झाकण, टक. आणि मग शिट्टी. दोन सूर वर, एक खाली.

आमची शिट्टी! शाळेत असल्यापासूनची. ती रस्त्यावरून खिडकीखाली येऊन वाजवायची आणि मी असेन तशी "आले!" म्हणत जिना उतरायची. आई वैतागायची. "मुलगी आहेस की ट्रॅफिक पोलीस?" रानातही तीच. काही सापडलं की शिट्टी, वाट चुकली की शिट्टी. त्या संध्याकाळी मी ती ऐकूनच धावले होते. पोहोचले तेव्हा झाकण लागलेलं.

संगणकवाली म्हणाली, "बेडकाच्या पुढचं कापू ना?"

"काप."

"शिट्टी वेगळी ठेवू का तुमच्यासाठी?"

"नको."

तिने बटण दाबलं. कापली.

१५ जून

का नको म्हटलं मी?

१६ जून

मूळ टेप कुठे आहे म्हणून विचारायला गेले. रानातला ताईचा रेकॉर्डर केव्हाच दुसऱ्या कुणाला दिलाय, आतलं सगळं पुसून. संगणकवाली बिचारी रडवेली झाली. "मी विचारलं होतं हो तुम्हाला." हो, विचारलं होतंस. तुझा काय दोष.

२२ जून

साहेबांशी वाजलं. त्यांना बेडकाला ताईचं नाव द्यायचंय. चांगल्या मनाने. पण आमच्यात स्वतःचं नाव स्वतःच मांडलेल्या प्राण्याला द्यायचं नाही असा संकेत आहे. म्हणजे ताईचं नाव बेडकाला द्यायचं तर पेपर लिहिणाऱ्यांतून ते काढायचं! मी म्हटलं, पोटावर सरपटत चिखलात ती गेली, तुम्ही नाही. तिचं नाव वर राहील, पहिलं राहील. बेडकाला झऱ्याचं नाव द्या.

घरी आईला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरं केलंस. तिला बेडूक म्हणणार होते होय?" दोघी हसलो. मग एकदम दोघींना कळलं की हसलो.

३ जुलै

पेपर तपासायला गेला होता तो शेरे घेऊन परत आला. चित्राचं कौतुक. आणि एक प्रश्न: 'हा प्राणी अजून तिथे आहे का?'

साहेबांनी झऱ्याकाठी एक रेकॉर्डर बांधून घ्यायचं ठरवलंय. डबीएवढा. आपण नसताना ऐकत बसतो. मग संगणक त्यातून बेडकाच्या आवाजाचे तेवढे तुकडे वेगळे काढतो. नेहमीचा जीपवाला उद्या जाऊन झाडाला बांधून येईल.

बघू काय येतं ते.

१२ जुलै

हल्ली तो कुठेही ऐकू येतो. बेसिनच्या नळात. पर्सच्या चेनमध्ये. आज आईच्या शिवणयंत्रात! मी स्वयंपाकघरातून पळत आले, तर आई चष्म्यावरून बघतेय. "काय झालं?" काही नाही म्हटलं.

दारामागे ताईचा रेनकोट तसाच आहे. आई काढत नाही, मीही काढत नाही. केर काढताना दोघी त्याला वळसा घालतो.

१९ जुलै

बरणीकडे पाठ करून बसायला लागलेय. चित्र पूर्ण झालंय, तरी बरणी टेबलावरच. परत कपाटात ठेवायला हात होत नाही. तो बघत नाही, मला ठाऊक आहे. दुधाळ डोळ्यांनी काय बघणार! पण विचारतो. तिच्याच आवाजात विचारतो.

८ ऑगस्ट

सापडला!!

संगणकवाली जिन्यावरूनच ओरडत आली. खूप तुकडे निघालेत. तिने एक लावला. टिक-टिक-टिक — र्र्र! स्वच्छ, जवळून. दुसरा लावला, तिसरा लावला. मशीन तेवढाच आवाज मोजून कापून देतं, पुढचंमागचं काही नाही. नुसता बेडूक, बेडूक, बेडूक. साहेबांनी टेबलावर थाप मारली आणि चक्क हसले!

घरी आईला सांगितलं. ती हातातलं तसंच धरून स्टुलावर बसली.

मग म्हणाली, "म्हणजे तिने शेवटचा नाही उचलला."

"तुला कुणी सांगितलं?"

"मलाही विचारायची ती. मी म्हणायचे, नाही गं बाळा. मला काय कळतंय बेडकातलं."

दोघी रडलो. पोटभर रडलो. आज जिवात जीव आला.

१० ऑगस्ट

संगणकवाली म्हणते, सगळे तुकडे दिवसाचे आहेत. लख्ख उन्हातले. "बेडूक दिवसा ओरडतो का हो?"

ताईने त्याला दिवेलागणीनंतरच ऐकलं होतं, कधीच दिवसा नाही. साहेब म्हणाले, दाट सावलीची जागा आहे, पावसाळा आहे, ओरडत असेल. ती म्हणाली, "तरीपण—" आणि मी तिच्यावर खेकसले. "तुम्ही मशीन सांभाळा, बेडूक आम्ही बघतो!"

उगाच बोलले. पण कशाला नाट लावायचा?

२८ ऑगस्ट

झऱ्यावर जायचं ठरलं. साहेब म्हणाले, जिवंत पाहूनच डोळे रंगवा. आईने दारामागचा रेनकोट काढला आणि न बोलता माझ्या बॅगेत भरला.

२ सप्टेंबर

पोहोचले. तंबू जुन्याच जागी. जीपवाला वाटेत ताईच्याच गोष्टी सांगत होता, आणि जपून नाही, मोकळेपणाने. बरं वाटलं. "बाई भांडायच्या फार, पण पाण्याची बाटली स्वतःआधी मला द्यायच्या."

जावई अजून आहे! जीपवाला हसत सांगत होता, "मागच्या खेपेला त्याने गाडीच्या रिव्हर्सचा पीप-पीप असा काढला, मी घाबरून बाजूला उडी मारली. गाडी बंद, चावी माझ्या खिशात!"

ताईचा रेनकोट मला हातात लांब होतो.

३ सप्टेंबर

संध्याकाळी झऱ्याकाठी बसले. कानात प्राण आणून. पाणी, किडे, पाणी. तो नाही.

४ सप्टेंबर

आजही नाही. जीपवाला म्हणतो, थंडी वाजत असेल त्याला. दगडांखाली हात घालून पाहिलं. दुसऱ्या जातीचे दोन बेडूक, एक खेकडा. खेकड्याने बोट धरलं.

५ सप्टेंबर

सकाळी ब्रश धूत होते. ऊन चांगलं वर आलेलं. आणि टिक-टिक-टिक — र्र्र!

ब्रश तिथेच टाकले. तशीच चार पायांवर पाण्यात उतरले, दगड उलटले. पुन्हा आवाज. इथे नाही. पुन्हा. अंदाज घेत गेले, थांबले, मान फिरवली. आवाज वरून येत होता.

वरून! ज्याचं प्रत्येक बोट मी ठिपक्याठिपक्याने काढलंय. गाद्या नाहीत. तो चढत नाही. चढूच शकत नाही.

वर बघितलं. वाळक्या फांदीवर जावई. शेपटी हलवली, माझ्याकडे तिरपं बघितलं आणि तो पुन्हा बेडूक झाला. अगदी हुबेहूब.

खाली बसले. ताई रोज संध्याकाळी स्पीकर लावून बसायची आणि हा वर फांदीवर बसून ऐकत असणार. दुसऱ्या बेडकाने नाही, याने घेतलं ते. आमच्या मशीनने त्याचे तुकडे केले आणि आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. ती नवी मुलगी बरोबर बोलत होती. परत गेल्यावर आधी तिची माफी मागेन.

साहेबांना सांगता येईल. पेपरात लिहिता येईल: 'पुन्हा आढळला नाही.' आईला काय सांगू? तिने रेनकोट काढून दिलाय.

इतका राग आला की दगड उचलला होता. मारला नाही. तो आवाज आता जगात दुसऱ्या कुठल्या जिवाच्या गळ्यात नाही.

६ सप्टेंबर

सकाळी सामान बांधत होते. जावई तंबूच्या दोरीवर येऊन बसला. मी बघायचं नाही ठरवलं होतं. टिक-टिक-टिक, र्र्र. मग खसखस. मग टक — बरणीचं झाकण. मग जरा थांबला.

मग शिट्टी. दोन वर, एक खाली.

"आले!" — आणि हातातलं सगळं टाकून मी झऱ्याकडे धावत सुटले.