गोधडीत गुंडाळलेलं दही

अपेक्षा,

मी सकाळच्या चौफुल्याच्या एसटीनं भांडगावला निघाले. रुसून न्हाई, तवा कंपनीतून आल्यावर माझ्या पोराशी भांडू नको.

तुझ्या त्या विजेच्या भांड्यावर माझा भरवसा नव्हता. तू त्यात दूध कोमट करून विरजण घातलंस, बटण बंद केलंस, आन् मी गुपचूप त्याला माझी गोधडी गुंडाळली. सकाळी झाकण काढलं, तर दह्यात चमचा उभा राहिला! वाटीभर खाल्लं. चव आपल्या घरचीच.

आता खरं सांगते. तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलं, तवा तू विरजण मागितलंस आन् मी तोंड वाकडं करून दिलं. तुमच्यामागं आम्हा दोघांनी दही खायचं तरी किती? माझ्या सासूपासून चालत आलेलं विरजण नासून गेलं. तुझ्या मामंजींना पत्ता न्हाई. दुकानातलं दही घरचं म्हणून खातात.

म्हणून तुझं निम्मं दही डब्यात घेतलंय. गोधडी राहू दे भांड्यालाच.

परत नासलं तर न्यायला येईन. न्हाई नासलं तरी येईन.

आत्या