काशीच्या पत्त्यावरची गाडी

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

गाडी हायब्रिडच घ्यायची — ठरलं. तळघरात चार्जिंगला सोसायटी परवानगी देत नाही, म्हणून नुसती विजेवरची बाद. बनशंकरीच्या घरून ऑफिसला जाताना अर्धा वेळ सिग्नलला उभं राहण्यात जातो. तिथं ही इंजिन बंद करून बॅटरीवर सरकते. डिकी मात्र लहान. नयना म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना बस सोसत नाही. डिकीत मला थोडंच बसायचंय!"

अडतंय ते रोड टॅक्सवर. कर्नाटकात किमतीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. उत्तर प्रदेशात हायब्रिडला तो नुकताच माफ झालाय. ऑफिसातला संतोषकुमार म्हणतो, "सर, तिकडचा कुणाचा तरी पत्ता मिळवा. तिकडे घ्यायची, इकडे चालवायची. स्वल्प अॅडजस्ट!"

माझं तिकडे कोण आहे, म्हटलं.

सोमवार, ५ ऑगस्ट

पूजेला बसलो आणि आठवलं — भीमाचार्य! काशीचे आमचे उपाध्याय. आबांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा त्यांच्याच घरी उतरलो होतो.

देवापुढे बसून हेच आठवावं!

गुरुवार, ८ ऑगस्ट

फोन केला. गाडीचं बोलणार होतो, जीभ वळली नाही. म्हणालो, काही महिने काशीवास करावा असं मनात आहे, भाडेकरार असला तर बरं. म्हातारा हरखला. बायको गेल्यापासून वरची खोली रिकामीच आहे म्हणाले. भाडं घ्यायला तयार नाहीत.

गावच्या शाळेत खोटं सापडलं की गुरुजी देवळाकडे तोंड करून उभं करत. इथं उभं करणारं कुणी नाही.

नयनाने विचारलं, गाडीचं सांगितलंत का. सांगेन, म्हणालो.

मंगळवार, २० ऑगस्ट

करार आला. सोबत विभूतीची पुडी. तिकडच्या शोरूममध्ये बुकिंग केलं. विभूती लावली नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

भीमाचार्यांचा फोन. पत्ता तपासायला शोरूमचा माणूस येऊन गेला.

"चंद्रकांतराव, त्यानं विचारलं, ते इथं राहतात का. मी म्हटलं, राहतात." पुढे म्हणाले, "गंगेकाठी आजवर खोटं बोललो नव्हतो. आता तेवढं खरं करा."

गाडीबद्दल एका अक्षरानं विचारलं नाही. नयनाला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता थांबली. "टॅक्स वाचवायला तुम्ही त्या म्हाताऱ्याचं तोंड वापरलंत," एवढंच म्हणाली.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

तिकडचं बुकिंग रद्द. गाडी इथेच घेणार, इथला टॅक्स भरून. संतोषकुमार हसला — "सर, तुम्ही फार साधे!" साधा असतो तर बरं झालं असतं.

वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं. मी टॅक्स भरला म्हणून त्यांच्या तोंडून गेलेला शब्द परत येत नाही. रजा टाकली. पितृपक्षात जायचं, पाया पडायचं, सगळं सांगायचं. गाडीचं आधी.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसवला. आरतीचं ताट नयनाच्या हाती दिलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर. काशी

रेल्वेने आलो. तोंड उघडण्याआधीच भीमाचार्य हाताला धरून मला गल्लीच्या टोकाशी घेऊन गेले. दूधवाल्याच्या गोठ्याशेजारी थोडी मोकळी जागा, झाडून पाणी मारलेली.

"गल्लीत मावायची नाही, म्हणून इथं सांगून ठेवलं. गाडी मागून येतेय ना? एकदा मला विंध्याचलला देवीच्या दर्शनाला न्या. आमच्या हिला न्यायचं राहूनच गेलं."

जमिनीवर रांगोळीची चौकट आखली होती — गाडीएवढी. मी चपला काढल्या आणि चौकटीबाहेर उभा राहिलो.